दक्ष आणि उदासीन (गीता, अध्याय १२, श्लोक १६)



आज बाराव्या अध्यायातला सोळावा श्लोक. या श्लोकात भगवंत आपल्या आवडत्या भक्ताच्या सहा खुणा सांगतात. ज्याला कसली अपेक्षा नाही, जो निर्मळ आहे, दक्ष आहे, उदासीन आहे, ज्याची व्यथा सरली आहे आणि ज्याने सगळे आरंभ सोडून दिले आहेत, असा माझा भक्त मला प्रिय, असं ते म्हणतात.

हा श्लोक मी कितीतरी वेळा वाचून पुढे गेलोय. तिसऱ्या आणि चौथ्या शब्दाशी मात्र दर वेळी थोडं अडखळायला व्हायचं. दक्ष आणि उदासीन, शेजारी शेजारी! आपल्या ऑफिसात बघा ना. दक्ष असतो तो रात्री दोन वाजता अलर्ट आला तरी उठून लॅपटॉप उघडतो. आणि उदासीन असतो तो नोटीस पिरियडवर असतो. एकच माणूस दोन्ही कसा असेल?

यंदा याचं उत्तर मला एका भिंतीमुळे थोडंफार कळलं. भिंत वर्ध्याची, माझ्या गावची.

माझी पुतणी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती आणि तिचे सात-आठ मित्रमैत्रिणी मिळून एका चौकाजवळची कंपाउंडची भिंत रंगवणार होते. चाळीसेक फूट लांब, सात फूट उंच. परवानगी मिळाली होती, रंगासाठी थोडी वर्गणीही जमली होती. सकाळी सहापासून तिथे मजुरांचा ठिय्या असतो. आसपासच्या गावांतून माणसं डबा घेऊन येतात, भिंतीला टेकून बसतात आणि कोणी कामाला न्यायला येतंय का बघतात. दहा वाजेपर्यंत ज्याला काम मिळालं तो गेला, नाही मिळालं तो परत. भिंतीचा खालचा भाग खर्ऱ्याने लालभडक. विदर्भातल्या वाचकांना खर्रा सांगायला नको, बाकीच्यांनी तंबाखू-सुपारी समजावं.

पहिली मीटिंग व्हिडिओ कॉलवर झाली. पुण्यातून मीही होतो, कारण "काका, तुम्ही डिझाइनचं बघा ना" असा हट्ट झाला होता. (झाला होता म्हणजे, मी होऊ दिला होता.) पहिलाच प्रश्न थुंकण्याचा निघाला. एकाने लगेच उपाय सांगितला, खालच्या पट्ट्यात देवांच्या टाइल्स लावू, मग कोणाची हिंमत होते बघू. हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. जिन्याच्या कोपऱ्यात गणपती, साईबाबा, शेजारी एक क्रॉस, एक मक्केचं चित्र. सगळ्या धर्मांची एकजूट आपल्याकडे कुठे दिसत असेल तर ती जिन्याच्या कोपऱ्यात. मला कल्पना पटली होती. स्वस्त आणि टिकाऊ. मी "गुड" असं म्हणूनही टाकलं.

तेव्हा ग्रुपमधली एक मुलगी, जी तोपर्यंत काही बोलली नव्हती, म्हणाली, "म्हणजे आपण देवाले वॉचमन ठेवून राहिलो का?"

कोणीतरी मागून म्हणालं, "तेही बिनपगारी."

सगळे हसले, मीही हसलो. पण ते वाक्य रात्रभर डोक्यात राहिलं. आपण घरी गणपती आणतो तेव्हा जागा धुतो, चौरंग मांडतो, अक्षता टाकतो, या म्हणतो. आणि ज्या कोपऱ्यात आपल्याला स्वतःला दोन मिनिटं उभं राहवत नाही तिथे त्याच गणपतीला चोवीस तास उभं करतो. माझ्या सोसायटीतल्या वॉचमन काकांनीही अशी टाइल लावली आहे आणि तिचा उपयोग झालेला आहे. त्यांना नावं ठेवायची नाहीत मला, साफसफाई शेवटी त्यांनाच करावी लागते. पण थुंकणाऱ्याने थुंकणं सोडलं नाही. तो चार पावलं पुढे गेला. आणि त्या पुढच्या भिंतीवर देव नाही म्हणून ती आपली नाही, असं आपणही धरून चाललो.

आता मूळ अध्यायाकडे येतो, कारण हा प्रश्न बाराव्या अध्यायाच्या दारातच उभा आहे. अर्जुन सुरुवातीलाच विचारतो, तुझ्या रूपाला भजणारे श्रेष्ठ की अव्यक्ताला? सगुण की निर्गुण? १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी ते उतरवून घ्यायचे. तीच आपली 'गीता प्रवचने'. या अध्यायावर बोलताना विनोबांनी दोन भाऊ समोर ठेवले. लक्ष्मण सगुण भक्त, कारण रामाला सोडून त्याला राहवत नाही. भरत निर्गुण भक्त. त्याला चौदा वर्षं रामाचं दर्शन नाही. त्याच्या वाट्याला काय आलं? अयोध्येचा कारभार. म्हणजे धान्याची कोठारं, सैन्य, तक्रारी, हिशेब. समोर फक्त पादुका. आपल्यापैकी बहुतेकांची भक्ती खरं तर भरताच्या जातीची असायला हवी, कारण आपल्याही वाट्याला कारभारच आलाय. पण ते असो.

त्याच प्रवचनात विनोबा राम-भरत भेटीचं एक चित्र मनाशी रंगवतात. चौदा वर्षांनी दोघे भेटतात तेव्हा वनात राहिलेला कोणता आणि घरी राहिलेला कोणता हे ओळखू येऊ नये, इतके दोघे सारखे झालेले. असं चित्र कोणी काढलं तर, अशी त्यांची इच्छा. पुढे १९३८ साली तब्येत खालावली म्हणून ते वर्ध्याजवळ पवनारला धाम नदीकाठी राहायला गेले. तिथे शेतात खोदकाम करताना जमिनीतून एक शिल्प निघालं, भरत-राम भेटीचं! फार जुनं, वाकाटकांच्या काळातलं मानलं जातं. आजही ते पवनारच्या आश्रमात आहे. मी लहानपणी शाळेच्या सहलीत ते पाहिलंय. पाहिलंय म्हणजे त्याच्यासमोरून रांगेत गेलोय. सगळं लक्ष नदीकडे होतं.

विनोबांनी ते शिल्प ईश्वराचा प्रसाद मानलं. मला आता त्यात आणखी एक गोष्ट दिसते. तो दगड ज्याने घडवला त्याचं नाव आपल्याला माहीत नाही. छिन्नीचा एक घाव चुकला असता तर राम आणि भरत असे भेटलेच नसते, म्हणजे माणूस दक्ष होता. आणि नाव? शेकडो वर्षं ते शिल्प मातीखाली होतं आणि कोणाची काही तक्रार नव्हती.

तर इकडे मी डिझाइन करत होतो.

तीन रात्री जागलो. डावीकडे बापूंचा चष्मा, मधे चरखा, त्यातून निघणारा धागा पुढे जाऊन भूदानाच्या रस्त्याला मिळतो, त्या रस्त्यावर चालणारे विनोबा, आणि उजवीकडे गोपुरीच्या गीताई मंदिरातल्या शिळा. (ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी, या मंदिराला छप्पर नाही. विनोबांची गीताई दगडांवर कोरून ते दगड उघड्यावर उभे केलेत. पाऊस आला की सगळी गीता भिजते. वर्ध्याला गेलात तर पावसाळ्यात जा.) फिग्मामध्ये प्रत्येक लेयरला नाव दिलं, रंगांचे कोड लिहिले, पीडीएफ केली, पाठवली. अंगठे आले, हार्ट आले. मग दोन दिवस काहीच नाही.

तिसऱ्या दिवशी पुतणीचा व्हॉइस मेसेज. डिझाइन एक नंबर आहे काका, पण. तो 'पण' अकरा मिनिटांचा होता.

झालं असं होतं की मुलं तीन दिवस सकाळी सहाला ठिय्यावर जाऊन बसली होती. माझं डिझाइन मोबाइलवर दाखवत होती, काय वाटते विचारत होती. लोकांनी चांगलं म्हटलं. लोक चांगलंच म्हणतात. पण एका म्हाताऱ्या बाबांनी बराच वेळ बघून विचारलं, "बापूजीचे फोटो त साऱ्या वर्ध्यात आहेत बाप्पा. आमी बसतो तिथंच काढून राहिले. मंग आमी पाठ काय बापूजीले लावाची का?"

मंडळी, मी तीन रात्री काम केलं आणि हा प्रश्न माझ्या मनात आला नाही. भिंत मला चाळीस बाय सातचा कॅनव्हास दिसत होती. ती पाठ टेकायची जागा आहे, काम मिळेपर्यंतचे चार तास तिथेच जातात, हे मला माहीत असूनही दिसलं नाही. त्या उंचीवर पूज्य चित्र काढलं असतं तर ती भली माणसं मुकाट्याने पुढे सरकून उन्हात बसली असती. देवाची टाइल जसं थुंकणाऱ्याला हाकलते, तसंच माझ्या बापूंनी टेकणाऱ्यांना हाकललं असतं. ज्यांनी दरिद्रनारायण हा शब्द घरोघरी पोचवला त्या बापूंनी!

हे सगळं मला आता कळतंय. तेव्हा मला फक्त राग आला होता. "बरोबर आहे, छान विचार केलात" असं टाइप केलं आणि दोन दिवस ग्रुप म्यूट केला. मधेच फाइल उघडून शेवटी कोणी कधी बघितली तेही तपासलं. कोणीच बघितली नव्हती. रोज सकाळी गीतेवर लिहिणाऱ्या माणसाची ही अवस्था. गतव्यथ या शब्दाचा अर्थ मी तुम्हाला व्याकरणातून सांगू शकलो असतो, पण त्या दोन दिवसांत मला त्यातली फक्त व्यथा कळली.

दुसऱ्या रात्री हाच श्लोक समोर आला आणि उदासीन शब्दाशी थांबलो. आपण उदास आणि उदासीन यांची गल्लत करतो. उदासीन म्हणजे वर बसलेला, जरा बाजूला बसलेला. दोघांच्या भांडणात ज्याचा कोणताच पक्ष नाही तो. पंच म्हणा हवं तर. मग दक्षाच्या शेजारी तो का, हे लक्षात यायला लागलं. दक्षता आहे कामाकडे बघून, उदासीनता आहे कामातल्या 'माझं' कडे बघून. मी त्या तीन रात्री रंगांच्या कोडबद्दल दक्ष होतो आणि म्हाताऱ्या बाबांच्या पाठीबद्दल उदासीन. शब्द दोन्ही बरोबर होते, जागा उलट्या होत्या.

आणि मग सेवाग्राम आठवलं. गांधीजी १९३६ च्या ३० एप्रिलला तिथे आले तेव्हा त्या गावाचं नाव शेगाव होतं. गजानन महाराजांच्या शेगावशी टपालाचा घोळ व्हायला लागला म्हणून १९४० मध्ये सेवाग्राम झालं. त्यांच्या आधी मीराबेन तिथे पोचल्या होत्या. ज्याला आज आपण बापू कुटी म्हणतो ती मुळात मीराबेनची झोपडी. तिच्या मातीच्या भिंतींवर त्यांनी मातीनेच उठावाचं काम केलं. ताडासारखी झाडं, चरखा, ॐ. रंग नाही, मातीवर माती. तिरपं ऊन आलं की सावलीने चित्र दिसतं. इंग्रज आरमारातल्या अ‍ॅडमिरलची मुलगी, आणि वर्ध्याच्या मातीवर हाताने झाडं उठवते. पुढे बापूंच्या पहिल्या निवासात माणसांची गर्दी वाढली, बापू मीराबेनच्या झोपडीत राहायला आले आणि मीराबेन तिथून दुसरीकडे गेल्या. इतक्या मनापासून सजवलेली भिंत, आणि घर दुसऱ्याचं झालं. नावसुद्धा बापू कुटीच. मातीच्या भिंतीला पुन्हा पुन्हा सारवावं लागतं, म्हणजे आज आपण बघतो त्या झाडांवर किती हातांची माती चढली असेल कोणास ठाऊक. त्याला कोणी गिट ब्लेम लावून बघू नये.

त्याच वर्षांतली अजून एक गोष्ट. गांधीजींनी नंदलाल बोसांना काँग्रेसच्या अधिवेशनांची सजावट सांगितली. डिसेंबर १९३६ मध्ये आपल्या खानदेशातलं फैजपूर, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, तिथे बांबू आणि आसपास मिळेल ते सामान वापरून. मग फेब्रुवारी १९३८ मध्ये गुजरातेत हरिपुऱ्याला. तिथे नंदलालबाबूंनी आणि त्यांच्या शिष्यांनी मिळून सुमारे चारशे चित्रं केली. त्यांचे विषय बघा. ढोल वाजवणारा, सुतार, शिंपी, कांडण करणारी बाई. देशाचे सगळे पुढारी जमणार, आणि चित्रात येणाऱ्या-जाणाऱ्या गावकऱ्यांनी स्वतःलाच बघावं. अधिवेशन काही दिवसांचं, मंडप उतरणारच होता. तरी रेघ कुठे सैल नाही.

मी ग्रुप अनम्यूट केला. तोवर मुलांचं ठरलेलंही होतं. खालचे तीन फूट काही नाही, नुसता गेरूच्या रंगाचा पट्टा, पाठ टेकायला. वर कापसाचं शेत, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पऱ्हाटी, आणि कंबरेला ओटी बांधून वेचणाऱ्या बाया. मधून धाम नदी. देव नाही, बापू नाहीत, विनोबा नाहीत. मला विचाराल तर अजूनही वाटतं की एका कोपऱ्यात छोटासा चरखा चालला असता. मी तसं सुचवलंही. त्यांनी ऐकून घेतलं आणि काढला नाही.

शुचि या शब्दाचं काम मुलांनी आधी केलं. तारेच्या ब्रशने भिंत खरवडली, लोणा लागलेला भाग काढला, धुतली, वाळू दिली, प्राइमर मारला. पाच दिवस यातच गेले आणि या पाच दिवसांचा एकही फोटो कोणी स्टेटसला टाकला नाही, कारण त्यात दाखवण्यासारखं काही नव्हतं. मग एक जुने पेंटर काका मदतीला आले. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्यांचं आयुष्य गेलंय, फ्लेक्स आल्यावर काम बसलं. त्यांनी प्रोजेक्टर वगैरे काही लावू दिलं नाही. कागदावरच्या चित्रावर चौकोन आखायचे, भिंतीवर तितकेच मोठे चौकोन सुतळी आणि खडूने आखायचे, आणि एका वेळी एकच चौकोन बघायचा. चित्राकडे बघायचंच नाही, फक्त या चौकोनात रेघ कुठून आत येते आणि कुठून बाहेर जाते ते बघायचं. पुतणी म्हणाली, काका, दोन दिवस मले माहीतच नव्हतं की मी कोणाचा हात काढून राहिली.

सर्वारंभपरित्यागी या शब्दाने साधक घाबरतात. सगळे आरंभ सोडले तर काम सुरूच कसं करायचं? मला वाटतं त्या चौकोनात याचं थोडं उत्तर आहे. काम सुरू होतं, चालू राहतं. फक्त "हे मी सुरू केलं" म्हणणारा माणूस त्या चौकोनात मावत नाही. हा माझा अर्थ आहे. आचार्यांची भाष्यं याहून खोल जातात, ती तुम्ही वाचाच.

नावांवरून शेवटी वाद झालाच. उजव्या कोपऱ्यात सगळ्यांची नावं आणि इन्स्टाचं हँडल लिहायचं असं निम्म्यांचं म्हणणं होतं. वर्गणी देणाऱ्या एकाला स्वतःचं नाव हवं होतं. मला विचारलं तेव्हा मी मोठ्या साळसूदपणे "नावाचं काय एवढं" असं लिहिलं आणि पाठवण्याआधी खोडलं, कारण आठवडाभरापूर्वी मीच फाइल कोणी उघडली ते बघत होतो. मी लिहिलं, तुमचं तुम्ही ठरवा. वाद मिटायच्या आत रंग संपला. कोपरा तसाच राहिला.

काम झालं त्या सकाळी ठिय्यावरच्या बाया भिंतीसमोर उभ्या होत्या. मुलांनी कोणाचाही चेहरा समोर ठेवून काढला नव्हता, लुगड्यांचे रंगही उरलेल्या डब्यांवरून ठरले होते. तरी एक बाई निळ्या लुगड्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हे त मीच हाव." दुसरी म्हणाली, नाही वं, ते मी आहे, माझी ओटी तशीच राहते. तिसरीने दोघींना मागे सारलं. पुतणीने हा व्हिडिओ पाठवलाय. त्यात कोण चित्रातली आणि कोण बाहेरची यावर तिघींचं भांडण चाललंय आणि मागे ते म्हातारे बाबा भिंतीला पाठ लावून बसलेत. त्यांनी चित्राकडे एकदाही बघितलेलं नाही. व्हिडिओ मी बऱ्याचदा बघितला. पवनारला पुढच्या वेळी रांगेतून बाहेर पडून त्या दगडासमोर नीट बसायचं ठरवलंय.

काल रात्री तिचा मेसेज होता. डाव्या कोपऱ्यात, गेरूच्या पट्ट्यावर, पहिली पिचकारी पडली. कोणी टाकली माहीत नाही. मी विचारलं, मग? म्हणाली, मग काय, बादली घेऊन गेलो होतो, तोवर चहावाल्या मावशीने पाणी मारलं होतं.

उद्या सतरावा श्लोक. राम कृष्ण हरी.